ग्रबची सहा सेकंदं

वेळापुरात पालखी मार्गालगत माझं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, पीक विमा, कॉलेजचे फॉर्म, आणि लग्नसराईत पत्रिका. कॉम्प्युटर एकच, दहा वर्षांचा. त्या एका डब्यात दोन प्रणाली नांदतात, विंडोज १० आणि लिनक्स मिंट. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर चार-पाच ओळींची यादी येते. बाणाच्या कळीने वर-खाली जायचं आणि हवी ती ओळ निवडायची. कुणी काहीच केलं नाही, तर ठरलेली सेकंदं मोजून कॉम्प्युटर आपल्या आपण एक ओळ धरतो आणि पुढे जातो. ही यादी दाखवणाऱ्या प्रोग्रामचं नाव ग्रब. यंदा भाऊबीजेच्या संध्याकाळी आमच्या घरात त्या सेकंदांवरून वाद झाला, आणि जेवणं थंड होईपर्यंत चालला.

वाद दोघांचा. एक माझा धाकटा भाऊ, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दुसरे मामा, आईकडे भाऊबीजेला अकलूजहून आलेले. मामा वीज मंडळात ऑपरेटर होते. सबस्टेशनात पॅनेलसमोर त्यांनी तीस वर्षं शिफ्ट केली आहे.

आधी दोन प्रणाली का, ते सांगते. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार, हे आधीपासून जाहीर होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. माझ्या डब्यात दोन्ही नाहीत. चालता कॉम्प्युटर भंगारात घालायला मन होईना, म्हणून भावाने उन्हाळ्याच्या सुट्टीत शेजारी मिंट टाकून दिलं. सातबारा, फॉर्म, झेरॉक्सचं स्कॅनिंग, सगळं त्यावर होतं. पण विंडोज काढून टाकता येईना, कारण पत्रिका. माझ्याकडे पत्रिकांच्या काही वर्षांच्या फायली आहेत, सगळ्या पेजमेकरमध्ये, श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत. त्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाँट नसला की ‘चि. सौ. कां.’ची जागा निरर्थक खुणा घेतात. मिंटवर युनिकोड मराठी छान चालते. रेड हॅटने २००४ साली लोहित फाँट मोकळे केले, तेव्हापासून लिनक्सवर आपली लिपी नीट दिसते. पण ‘गेल्या वर्षी थोरलीची केली होती, तशीच धाकटीची करा’ म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकाला जुनीच फाइल उघडून द्यावी लागते. महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांतल्या डीटीपीवाल्यांची हीच अडचण असेल. लिनक्स चांगलं की वाईट हा त्यांच्यापुढचा प्रश्नच नाही. पत्रिकांची जुनी फाइल उघडते की नाही, हा आहे.

उन्हाळ्यात मी बहुतेक वेळ विंडोजवरच असे. म्हणून भावाने ग्रबला सांगून ठेवलं, कुणी काही निवडलं नाही तर विंडोज सुरू कर. आणि यादी दाखवायचीच नाही असंही ठरवलं. ‘ताई, तुला कशाला रोजची कटकट?’ म्हणाला. मलाही ते पटलं होतं. मिंट हवं असेल तेव्हा कसं जायचं, ते फोनवर विचारायचं ठरलं.

मग आषाढ आला. माउलींची पालखी माळशिरसहून निघते, खुडूसला रिंगण होतं, आणि वेळापूरच्या अलीकडच्या टेकडीवर धावा होतो. तुकाराम महाराजांना त्या उंचवट्यावरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरा सांगतात. म्हणून वारकरी तिथून उतारावर पळत येतात. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. सकाळी दुकान उघडलं तर दारात एका दिंडीचे विणेकरी उभे. त्यांच्या दिंडीतले एक आजोबा आदल्या रात्री माळशिरसच्या मुक्कामात चुकले होते. मोबाइलमध्ये फोटो होता. त्याच्या शंभर प्रती हव्या होत्या, खाली फोन नंबर घालून.

बटण दाबलं. विंडोज आलंच नाही. निळा पडदा आला आणि त्यावर आकडे पळू लागले. बंद केलं, चालू केलं. पुन्हा तोच निळा पडदा. भावाला फोन लागेना. पालखीच्या दिवशी टॉवरवर इतका भार असतो की शेजारच्या गल्लीतही फोन लागत नाही. तासाभराने मामा दर्शनाला म्हणून आले. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न मला अजून आठवतो.

“ह्याचं पॅनेल कुठं हाय? कुठला फीडर चालू हाय, त्ये दिसतंय कुठं?”

दिसत कुठेच नव्हतं. शेवटी त्यांनी मला बसवलं आणि प्रत्येक वेळी चालू करताना वरच्या रांगेतली एकेक एफ-कळ दाबायला लावली, एफ-१ पासून. एफ-१२ ला एक वेगळीच यादी उघडली. ती ग्रबची नव्हती, कॉम्प्युटरच्या बोर्डाची स्वतःची होती. तीत विंडोजचं नाव होतं. ते निवडलं, विंडोज सुरू झालं, फोटो छापले. एव्हाना तीन तास गेले होते. आजोबा दुपारी मिळाले; आमच्या कागदांमुळे नव्हे, दुसऱ्या दिंडीने आणून पोहोचवले.

झालं काय होतं, ते रात्री फोन लागल्यावर कळलं. मधे कॉम्प्युटर अडकत होता म्हणून भावाने रॅम तपासायचा प्रोग्राम टाकला होता, मेमटेस्ट. टाकताना त्या प्रोग्रामने ग्रबच्या यादीत आपल्या ओळी घातल्या. आणि भावाने विंडोज निवडताना ओळीचं नाव लिहिलं नव्हतं, क्रमांक लिहिला होता. ग्रब शून्यापासून मोजतं. शून्यावर मिंट, एकवर मिंटचे जादा पर्याय, दोनवर विंडोज. मेमटेस्टच्या ओळी मिंटच्या खाली आणि विंडोजच्या वर शिरल्या. दोन हा आकडा तसाच राहिला, पण दोन नंबरच्या खोलीत भाडेकरू बदलला.

एवढी पार्श्वभूमी घेऊन भाऊबीजेच्या संध्याकाळचा वाद सुरू झाला.

भावाने चूक मान्य केली होती, त्याबद्दल वाद नव्हता. आता विंडोजचे अपडेट संपल्यामुळे मिंट मुख्य करायचं, हेही ठरलं होतं. तो लॅपटॉप उघडून बसला आणि म्हणाला, “ताई, मिंट शून्यावर आहे. मिंटच डिफॉल्ट ठेवतो आणि यादी लपवलेलीच राहू देतो. आता घोळ होणार नाही. शून्यावरची ओळ कधी हलत नाही.”

“पुन्हा झाकणार?” मामा म्हणाले. “आरं, आषाढात पोरीचं काय झालं त्ये इसरलास व्हय?”

“मामा, तो आकड्याचा घोळ होता. यादीचा काय संबंध?”

“यादी दिसली आसती तर तिनं बघितलं आसतं की भलतीच ओळ धरलीया. एक बाण खाली दाबला आसता, काम झालं आसतं.”

भाऊ पडती घेणाऱ्यातला नाही. त्याचं म्हणणं मी इथे नीट मांडते, कारण त्यात तथ्य आहे. तो म्हणाला, मोबाइलला कुठे यादी असते? बटण दाबलं की चालू. टीव्हीला नसते, एटीएमला नसते. ज्या यंत्रावर रांग लागते, त्याने चालू होताना माणसाला प्रश्न विचारू नयेत. शिवाय दुकानात लहान मुलं येतात, आईबापांचं काम होईपर्यंत कळा दाबत बसतात. ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबलं की सुरू होण्याची अख्खी आज्ञा उघडते, ती बदलता येते. जादा पर्यायांत रिकव्हरी मोड असतो, तिथून कॉम्प्युटरचा पूर्ण ताबा मिळू शकतो. “रस्त्यावरच्या दुकानात ही यादी उघडी ठेवायची?” असा त्याचा सवाल होता.

मामांनी ताटातली करंजी बाजूला ठेवली. “मला सांग, झाकल्यावर ती यादी जाती का?”

“जात नाही. योग्य वेळी एस्केप किंवा शिफ्ट दाबलं की येते.”

“मंजे चोराला ठावं आसलं की ती उघडती. ज्याला ठावं न्हाई, त्यो कोण? तुझी ताई. आरं, कुलूप लावायचं तर कुलूप लाव. आमच्या पॅनेलला कुलूप आसायचं, पण पाट्या झाकलेल्या नसायच्या.”

यावर भाऊ दोन क्षण गप्प बसला. मग म्हणाला, कुलूप लावता येतं. ग्रबला पासवर्ड देता येतो. तो पासवर्ड फाइलमध्ये सरळ लिहीत नाहीत. एका आज्ञेने त्याची गुंतागुंतीची लांबलचक अक्षरमाळ बनवतात आणि ती ठेवतात. मग ओळी बदलायला पासवर्ड लागतो. माझ्या मते हा मुद्दा मामांनी जिंकला. लपवणं आणि कुलूप लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे बरेचदा पहिलीलाच दुसरी समजतात.

पण मग मामा टोकाला गेले. “तर मग यादी दाखव आन् थांबव. कुणी बटण दाबंस्तवर फुडं जायचंच न्हाई.”

हेही ग्रबमध्ये होतं. थांबण्याच्या सेकंदांच्या जागी उणे एक लिहिलं की ते माणसाची वाट पाहत बसून राहतं. भाऊ म्हणाला, “मामा, आपल्याकडे वीज दिवसातून दोनदा जाते. बोर्डात सोय केली आहे, वीज आली की कॉम्प्युटर आपोआप चालू होतो. ताई झेरॉक्सवर असते. उणे एक लिहिलं तर तो यादीसमोर अडून बसेल, आणि ताई वळून बघेपर्यंत दहा मिनिटं गेलेली असतील.”

मामांनी हे लगेच मान्य केलं. विजेचा मुद्दा त्यांना समजावून सांगावा लागत नाही. उलट त्यांनीच विचारलं, “वीज मधीच गेली तर त्याला कळतं का?”

कळतं, आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती. मिंट ज्या उबंटूवर बेतलेलं आहे, त्या उबंटूच्या ग्रबमध्ये एक खूण असते. लिनक्स सुरू व्हायला लागलं की ती खूण लागते, आणि नीट सुरू झालं की पुसली जाते. मधेच वीज गेली तर खूण तशीच राहते. पुढच्या वेळी ग्रब ती पाहतं, यादी दाखवतं आणि तीस सेकंद थांबतं. मागच्या खेपेला काहीतरी बिघडलं होतं, आता काय करायचं ते माणसाने ठरवावं, म्हणून. मी एकदा ती तीस सेकंदं पाहिली होती आणि कॉम्प्युटर बिघडला असं समजून घाबरले होते.

“बराबर हाय,” मामा म्हणाले. “फीडर ट्रिप झाला तर लगेच चार्ज करायचा नसतो. आधी बघायचं, कशानं गेला.” मग भावाकडे वळून म्हणाले, “ज्यानं ह्ये बनवलं, त्यानं सबस्टेशन बघितलं आसणार.”

ग्रबची सुरुवात १९९५ साली एरिक बोलेन या प्रोग्रामरने केली. त्याला ग्नू प्रकल्पाची हर्ड ही प्रणाली सुरू करायची होती आणि त्याला वेगवेगळ्या प्रणाली एकाच पद्धतीने उठवणारं साधन हवं होतं. नावातच ते आहे, ‘एकत्रित’ बूटलोडर. त्याआधी लिनक्सवाले लिलो वापरत. लिलो डिस्कवरची कर्नलची जागा लक्षात ठेवायचं. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. तो बदलला आणि लिलोला पुन्हा सांगायचं राहिलं, की पुढच्या वेळी कॉम्प्युटर उठायचा नाही. ग्रब फाइल शोधून वाचतं, म्हणून ते टिकलं. आजचं ग्रब २ हे नव्याने लिहिलेलं आहे, त्याची २.०० आवृत्ती २०१२ साली आली. भावाने हे सगळं सांगितलं तेव्हा मामा ऐकत होते, पण त्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं.

“शून्य सेकंद लिहिलं तर काय हुतं?”

इथे भाऊ जरा अडखळला. कारण शून्य लिहूनही यादी झाकली जात नाही. उबंटूच्या ग्रबला डिस्कवर दुसरी प्रणाली सापडली, तर ते मालकाचं शून्य बाजूला ठेवतं, यादी दाखवतं आणि दहा सेकंद थांबतं. भावाने उन्हाळ्यात त्याला चकवण्यासाठी शून्याच्या जागी ‘शून्य पूर्णांक शून्य’ लिहिलं होतं. ग्रबची तपासणी फक्त साधं शून्य ओळखते, म्हणून ही युक्ती चालते.

मामांनी हातातला पेला खाली ठेवला. “मंजे बनवणाऱ्यानं सांगितलं हुतं, दोन दारं आसतील तर इचारा. आन् तू त्याचं तोंड दाबलंस.”

भाऊ लाल झाला. पण त्याने मामांना तोडीचं उत्तर दिलं. “मामा, तुमची यादी दिसली तरी प्रत्येक वेळी वाचवत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजचं एक सुरक्षा-अपडेट आलं. जगभरात दोन-दोन प्रणालींच्या कितीतरी कॉम्प्युटरांवर लिनक्स उठेना. ग्रबच्या आधी शिम नावाचा छोटा प्रोग्राम चालतो, सिक्युअर बूटसाठी. त्या अपडेटमधला नवा नियम त्या शिमलाच लागू पडला. काहीतरी गंभीर बिघडलंय, असा संदेश यायचा आणि कॉम्प्युटर बंद. ग्रबची यादी दिसायची वेळच यायची नाही. मग यादी दाखवून काय उपयोग?”

हा मुद्दा खरा आहे. बटण दाबल्यापासून प्रणाली उठेपर्यंत एक साखळी असते. आधी बोर्डातलं फर्मवेअर, मग शिम, मग ग्रब, मग कर्नल. ग्रबची यादी ही त्यातली एक कडी. तिच्या आधीची कडी तुटली, तर ती कितीही सेकंद दाखवायला सांगितलेली असो, दिसणार नाही.

मामा म्हणाले, “मग एफ-बारा कागदावर लिहून भितीला लाव. वरची यादी दिसली न्हाई तर त्याच्या वरची हाय.”

या वेळेपर्यंत आई दोनदा जेवायला हाका मारून गेली होती. दोघे एकमेकांशी बोलत होते, आणि मी ऐकत होते. कॉम्प्युटर माझा. रोज सकाळी साडेआठला बटण मी दाबते, रांग माझ्या समोर उभी राहते, पालखीच्या दिवशी निळ्या पडद्यापुढे मी बसले होते. आणि माझ्या कॉम्प्युटरने किती सेकंद थांबायचं, हे एक जण पुण्यातून आणि एक जण अकलूजहून येऊन ठरवत होता. दोघांचाही जीव आहे माझ्यावर. म्हणूनच मला ते आधी खटकलं नव्हतं.

ओवाळून झाल्यावर भावाने पाकीट पुढे केलं. मी म्हटलं, “पाकीट नको. ती फाइल मला दाखव आणि माझ्या हाताने बदलू दे. हीच ओवाळणी.”

“ताई, मग ग्रब कस्टमायझर टाकून देतो. माउसने ओळी वर-खाली करता येतात, काही टाईप करायला नको.”

मी नको म्हटलं, आणि का ते सांगते. तो प्रोग्राम सोयीचा आहे, पण तो ग्रबच्या मूळ स्क्रिप्ट बाजूला सारून आपल्या पद्धतीने नवी मांडणी करतो. पुढे काही अडलं, तर मूळ कोणतं आणि त्याने केलेलं कोणतं, हे शोधण्यात वेळ जातो. फाइलमध्ये माझ्या कामाच्या ओळी तीनच आहेत. तीन ओळींसाठी मधे आणखी एक माणूस कशाला?

मग आम्ही दुकानात गेलो. शटर अर्धं वर केलं. मामा स्टुलावर बसले.

फाइल ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरात असते, नाव नुसतं ‘ग्रब’. बदलण्याआधी तिची प्रत काढायची, हे मामांनी सांगायच्या आधीच भावाने सांगितलं. मी प्रत काढली, नावापुढे तारीख घातली. मग टर्मिनलमध्ये नॅनो नावाच्या साध्या एडिटरने मूळ फाइल उघडली. पहिली ओळ डिफॉल्टची, तिथे दोन होतं. दुसरी यादी कशी दाखवायची त्याची, तिथे ‘हिडन’. तिसरी सेकंदांची, तिथे ते टिंबाचं शून्य.

डिफॉल्टच्या जागी काय लिहायचं, यावर पुन्हा थोडं बोलणं झालं. मी म्हटलं, आकड्याने फसवलंय, नाव लिहिते. नाव लिहिता येतं, अवतरणचिन्हांत. पण भावाने दाखवलं की मिंटच्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक असतो. आवृत्ती बदलली की नाव बदलतं. विंडोजच्या ओळीत डिस्कच्या विभागाचं नाव असतं. डिस्कची जागा बदलली की तेही बदलतं. ‘सेव्हड’ असं लिहून, सोबत एक ओळ घातली, तर मागच्या वेळी निवडलेलीच प्रणाली पुढच्या वेळी उठते, तीही सोय आहे. लग्नसराईत ती बरी. पण मला रोज सकाळी काय उठणार ते आदल्या दिवसावर अवलंबून नको होतं. मिंट मुख्य करायचं ठरलं आहे, मिंटच्या ओळी नेहमी सगळ्यात वर येतात, आणि त्यातही सगळ्यात नवा कर्नल पहिला. म्हणून शून्य. आकडा वाईट नव्हता, मधल्या ओळीचा आकडा वाईट होता.

‘हिडन’ खोडून ‘मेनू’ लिहिलं. राहिली सेकंदं.

“तीस,” मामा म्हणाले.

“दोन,” भाऊ म्हणाला.

मी घड्याळ लावून कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला. माझा मॉनिटर जुना आहे. बोर्डाची खूण जाऊन यादी आल्यावर पडदा उजळायला त्याला जवळजवळ तीन सेकंद लागतात. दोन सेकंद ठेवली असती तर यादी अंधारात येऊन अंधारात गेली असती. ही गोष्ट दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हती, कारण त्या खुर्चीत ते बसत नाहीत. पडदा उजळायला तीन, आणि झेरॉक्सवरून मान वळवून बाण दाबायला तीन. मी सहा लिहिलं.

“ताई, दिवसाला दोनदा, वर्षाचे तीनशे दिवस. वर्षाला बरोबर एक तास जातो तुझा,” भावाने हिशेब केला.

“आषाढात एका सकाळी तीन गेले,” मी म्हटलं.

फाइल जतन केली. पण एवढ्याने काही होत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सुरू होताना ग्रब ही फाइल वाचतच नाही. ते वाचतं ‘बूट’ फोल्डरातली दुसरीच मोठी फाइल, जिच्या माथ्यावर लिहिलेलं असतं की हिला हाताने बदलू नका. आपण लहान फाइल बदलायची, मग ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यायची. ती डिस्क धुंडाळते, सापडलेले कर्नल, मेमटेस्ट, विंडोज यांची नवी यादी बनवते आणि मोठी फाइल पुन्हा लिहिते. आज्ञा चालताना काय काय सापडलं, ते पडद्यावर येतं. त्यात विंडोजचं नाव आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावं. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रबने दुसऱ्या प्रणाली आपणहून शोधणं मुळात बंद केलं आहे, सुरक्षेसाठी. तशी वेळ आली तर त्याच लहान फाइलमधली एक ओळ बदलून शोध पुन्हा चालू करावा लागतो. माझ्याकडे विंडोजचं नाव आलं.

“मंजे नकाशात बदल करायचा, मग वायरिंग करून घ्यायची,” मामा म्हणाले. त्यांना हे सगळ्यात जास्त आवडलं.

बंद केला, चालू केला. पडदा उजळला, यादी आली. सहा, पाच, चार. मी मुद्दाम बाण खाली नेला. बाण हलला की उलटी मोजणी थांबते. विंडोजवर गेले, परत वर आले, मिंट उठवलं. मिंटच्या जादा पर्यायांत दोन कर्नल होते, नवा आणि त्याच्या आधीचा. अपडेटनंतर नवा उठला नाही तर जुन्यावरून काम चालवायचं, त्यासाठी तो ठेवलेला असतो. यादी लपलेली होती तेव्हा ही शिल्लकही माझ्यापासून लपलेली होती.

पासवर्ड मी घातला नाही. कॉम्प्युटर काउंटरच्या आत आहे, मुलं तिथपर्यंत येत नाहीत. उद्या शाळेच्या लॅबसाठी कुणी विचारलं, तर मी पासवर्ड घालायलाच सांगेन.

मामांनी खिशातून पेन काढलं. सबस्टेशनात दर तासाला लॉगबुक लिहायची सवय; त्यांनी माझ्या दोनशेपानी वहीचं पहिलं पान आखून दिलं. तारीख, काय होतं, काय केलं, कुणी केलं. शेवटच्या रकान्यात भाऊ स्वतःचं नाव लिहायला लागला. मामांनी वही त्याच्या हातून घेऊन माझ्याकडे दिली.

तुमच्या दुकानात, शाळेत किंवा घरी कुणी दोन प्रणाली टाकून दिल्या असतील, तर तो माणूस गावी परतायच्या आत त्याला शेजारी बसवा. फाइलची प्रत काढा, ओळी स्वतः टाईप करा, आणि आपल्या मॉनिटरवर घड्याळ लावून सेकंदं मोजा. यादी झाकू नका. यादीतल्या ओळी क्रमाने कागदावर उतरवून कॉम्प्युटरच्या अंगाला चिकटवा, खाली तुमच्या बोर्डाची ती एफ-कळही लिहा.

माझ्या वहीतली पहिली नोंद २३ ऑक्टोबर २०२५ ची आहे. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ असल्यामुळे आषाढी एकादशी २५ जुलैला येते. पालखी वेळापुरात पोहोचण्याच्या आदल्या रात्री मी कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करणार आहे, आणि पडद्यावरची यादी कागदावरच्या यादीशी ताडून पाहणार आहे.